वाट, पाणवठा आणि मुक्काम : भीमा-मांजरा खोऱ्यांतील प्रवासाचा एक धांडोळा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर मी याच शाळेत बसलो आहे. ते आम्हांला भूगोल शिकवीत. फळ्यावर आपल्या भागाचा नकाशा काढताना आधी नद्या काढीत, मग ओढे, मग गावे. रस्ते मात्र काढीत नसत. खडू आमच्यापैकी एखाद्याच्या हाती देऊन म्हणत, "आता रस्ता तू काढ. पण बैल तहानेने मरता कामा नये." आम्ही गावावरून गावावर सरळ रेघ ओढीत असू आणि गुरुजी ती शांतपणे पुसून टाकीत. आजचा विषय त्या पुसलेल्या रेघेतून आला आहे.

आपले मादन हिप्परगा आळंद तालुक्यात, दोन राज्यांच्या सीमेलगत. गाणगापूर, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, कलबुर्गीचा बंदेनवाजांचा दर्गा, हुमनाबादजवळचे माणिकनगर, बसवकल्याण ही सारी ठिकाणे येथल्या माणसाच्या पायाखालची. मोटारी येण्यापूर्वी शेकडो वर्षे माणसे या वाटांनी चालली. त्या वाटांचा इतिहास लिहिताना आपण राजधान्या, लढाया आणि देवस्थाने लिहितो. वाटेत पाणी कुठे होते, रात्री पाठ कुठे टेकली, हे लिहीत नाही. त्या प्रश्नाकडे पाहू लागलो, तेव्हा मला जे दिसले ते फारसे सुखाचे नव्हते. ते आज आपल्यासमोर मांडतो.

आधी भूमीविषयी. आपला प्रदेश काही मारवाड नव्हे. येथे नद्या आहेत, पाऊस आहे, काळी कसदार जमीन आहे. तरीही फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत पायी चालणाऱ्याला हा प्रदेश वाळवंटासारखाच भासे. ओढे आटलेले, झाडी विरळ, आणि एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत उघडा माळ. आळंदकडे पडलेले पाणी अमरजेने भीमेस आणि पुढे कृष्णेस जाते. बिदरकडचे पाणी मांजरेने गोदावरीस जाते. मधला उंचवटा या दोन मोठ्या खोऱ्यांची पाणलोट सीमा आहे. उंचवट्याच्या धारेने चालावे तर वाट कोरडी आणि टणक, पण पाणी नाही. खोऱ्याने चालावे तर पाणी आहे, पण पावसाळ्यात काळ्या मातीत बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून जड वाहतूक दसऱ्यानंतर सुरू होई आणि मृगापूर्वी थांबे. म्हणजे जमीन चालण्याजोगी होई त्या काळात पाणी दिवसेंदिवस कमी होत जाई. सारा प्रवास या पेचातून वाट काढण्याचा होता.

पाणी कुठे असते? काळ्या पाषाणाच्या मुलखात ते खडकाच्या पोटात साठत नाही. झिजलेल्या मुरमात, भेगांत, आणि दोन थरांमधल्या गेरूसारख्या तांबड्या पट्ट्याच्या आसपास ते सापडते. म्हणून एका विहिरीला पाणी आणि वीस हातांवरची दुसरी कोरडी, हा अनुभव आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला आहे. बिदरचे पठार निराळे. तेथे वर जांभा दगड आहे. तो सच्छिद्र, पावसाचे पाणी पिऊन घेतो आणि खालच्या चिकण थरावर ते अडले की पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. झरणी नरसिंहाच्या गुहेत आजही भाविक छातीभर पाण्यातून देवापर्यंत जातात. गुरुद्वारा नानक झिरा तर आपल्या नावातच झरा घेऊन उभा आहे. गुरू नानकांनी तेथील लोकांसाठी गोडे पाणी प्रकट केले अशी श्रद्धा आहे. भूगोलाच्या दृष्टीने पाहिले तर ही दोन्ही तीर्थे जांभ्याच्या कडेवरची आहेत. श्रद्धेला त्याने बाध येतो असे मला वाटत नाही. तहानलेल्या माणसाला पाणी लागले ती जागा तो विसरत नाही, एवढेच त्यातून दिसते.

खुणांवरून पाणी ओळखण्याचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक पूर्ण अध्याय याच विषयावर आहे. निर्जल प्रदेशात वेतस दिसला तर त्याच्या पश्चिमेस तीन हातांवर दीड पुरुष खोलीवर पाणी, जांभळीच्या उत्तरेस तीन हातांवर दोन पुरुष खोलीवर पाणी, शेजारी वारूळ असेल तर कोणत्या दिशेला खणावे, खणताना कोणत्या रंगाचा बेडूक किंवा कोणती माती लागेल, अशी ती सूत्रे आहेत. त्यांतली सारी खरी ठरतील असे मी म्हणणार नाही. पण उंबर, शिंदी, करंज, लव्हाळा यांवर नजर ठेवून चालण्याची रीत आपल्या वडीलधाऱ्यांत मी स्वतः पाहिली आहे. संध्याकाळी पारवे आणि होले कोणत्या बाजूला उतरतात हे ते पाहत. कोरड्या ओढ्याच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला, जेथे पूर आपटतो, तेथे हातभर खड्डा उकरून झिरा धरीत. पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे, दुसऱ्याने तोंड धुवायचे, तिसरे प्यायचे. आपल्या भागात ही माहिती दोन भाषांत साठलेली असे: ओढ्याला हळ्ळ, तळ्याला केरे, विहिरीला बावी. वाट विचारणाऱ्याला दोन्ही शब्द ठाऊक असावे लागत, नाहीतर तो भलत्याच दिशेला जाई.

राज्यकर्त्यांनी काय केले? अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात रस्त्याकडेला विहिरी खणविल्याचा आणि माणसांसाठी व जनावरांसाठी झाडे लावल्याचा उल्लेख आहे. सातव्या स्तंभलेखात विहिरींतले अंतरही दिले आहे. तो शब्द आठ कोस असा वाचतात, तर काही अभ्यासक अर्धा कोस असा. विद्वानांचा हा वाद मला फार मौजेचा वाटतो, कारण आपल्याकडचा कोस दोन मैलांचा धरला तर आठ कोस म्हणजे लादलेल्या बैलाची दोन दिवसांहून जास्त चाल. घोडेस्वाराला ती विहीर उपयोगी, बैलवाल्याला नाही. अशोकाचे लेख आपल्या दारापर्यंत आले होते, हे येथे सांगितले पाहिजे. चित्तापूर तालुक्यात भीमाकाठी सन्नती येथे १९८६ साली चंद्रलांबेच्या मंदिर परिसरात छत कोसळले आणि देवीच्या मूर्तीखालची शिळा उघडी पडली. त्या शिळेवर अशोकाचे आदेश कोरलेले होते.

त्यानंतरची उदाहरणे आपणांस परिचित आहेत. नाणेघाटात सातवाहनकाळी खडकात पाण्याच्या पोढ्या कोरल्या गेल्या. कल्याणीच्या चालुक्यांच्या मुलखात आणि पुढे यादवांच्या काळात पायऱ्यांच्या बारवा बांधल्या गेल्या. बहामनी राजधानी कलबुर्गीहून बिदरला गेल्यावर पंधराव्या शतकात इराणी पद्धतीचे करेझ झाले. जमिनीखालून खोदलेला बोगदा, त्यावर ठरावीक अंतरावर उजेड-वाऱ्याचे आड, आणि उताराने आपोआप येणारे पाणी. नौबादचा करेझ गाळाने बुजून विस्मरणात गेला होता. अलीकडच्या वर्षांत तो पुन्हा मोकळा करण्यात आला, आणि २०२० मध्ये दख्खन पठारावरील ऐतिहासिक जलव्यवस्थांचा समावेश जागतिक स्मारक निधीच्या लक्षसूचीत झाला. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर १६१३ साली इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बंधारा आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. ही कामे थोर आहेत. पण ती बहुधा शहरात, किल्ल्यात किंवा घाटाच्या माथ्यावर आहेत. मधल्या उघड्या माळावर काय होते, हे या दगडांना विचारून कळत नाही. त्यासाठी त्या माळावर जगलेल्या माणसांकडे जावे लागते, आणि ती माणसे म्हणजे बंजारा, आपल्या बोलीत लमाणी.

पीटर मंडी नावाचा इंग्रज १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे जाताना त्याला चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. तो लिहितो त्याचा आशय असा: हे लोक बायकामुलांसह आणि सगळ्या संसारासह चालतात, बैल त्यांचे स्वतःचे असतात, दिवसाची चाल सहा-सात मैलांहून अधिक नसते आणि तीही थंड वेळी; ओझी उतरली की बैल चरायला मोकळे सोडतात. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए यानेही दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबून राहावे लागे, अशी त्याची तक्रार आहे.

आता थोडा हिशेब करू. काम करणारा बैल दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दहा हजार बैलांना दिवसाकाठी साडेतीन लाख लिटर तरी पाणी हवे. शंभर-सव्वाशे लिटरची एक मोट धरली तर मोटेच्या सुमारे तीन हजार खेपा झाल्या. कोणत्याही गावच्या विहिरीचे हे काम नव्हे. तांड्याला नदीचा डोह हवा किंवा तलाव हवा, शेजारी चराई हवी, आणि जागा अशी हवी की रात्री गोण्यांची भिंत रचून आत माणसे सुरक्षित राहतील. असे मुक्काम सहा-सात मैलांवर एक, या हिशेबाने शेकडो मैल सापडले पाहिजेत. म्हणून तांड्याच्या नाईकाची खरी दौलत बैल नव्हती. कोणत्या महिन्यात कोणत्या डोहात किती पाणी उरते हे ज्ञान त्याची दौलत होती. पुढे माणसे पाठवून पाणी-चारा पाहणे, एकच तांडा अनेक तुकड्यांनी मागेपुढे चालवणे, पावसाळ्यात चांगल्या चराईच्या उंच जागी चार महिने तळ टाकणे, ही सारी त्या ज्ञानाची अंगे. बंजाऱ्यांच्या मौखिक परंपरेत तलाव आणि विहिरी बांधणाऱ्या लाखा बंजाऱ्याच्या कथा आहेत. मध्य प्रदेशातल्या सागर शहरातला तलाव आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. व्यापाऱ्याने पाण्यात पैसा घालावा हे मला स्वाभाविक वाटते. त्याचे भांडवल पाण्यावरच चालत होते.

तांडा गावाजवळ उतरला की गावाला काय वाटत असेल? याचा एक विलक्षण पुरावा आहे. शाहजहानच्या दख्खन मोहिमेत, १६३०च्या सुमारास, वजीर आसफखानाने भंगी आणि जंगी या बंजारा नाईकांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, अशी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातील इंग्रज अधिकाऱ्यांनी ती नोंदवून ठेवली. त्या ताम्रपटाचा आशय असा की जेथे वजिराचे घोडे तेथे या नाईकांचे बैल. गरज पडल्यास घरातल्या रांजणातले पाणी आणि छपरावरचे गवतही त्यांनी घ्यावे, आणि दिवसाला तीन खून माफ. ही सनद अक्षरशः खरी मानावी असे मला वाटत नाही. पण तिच्यातला क्रम पाहा. पहिले पाणी, मग गवत, मग खून. आणि पाणी तरी कोणते? तलावातले नव्हे, नदीतले नव्हे, रांजणातले. म्हणजे गावात शेवटचे उरलेले. बंजाऱ्यांच्या स्मृतीत हा मान आहे. ज्या बाईने दोन कोसांवरून हंडा आणून तो रांजण भरला, तिच्या बाजूने पाहिले तर ती लूट आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि इतिहासकाराने त्यांतली एक सोडून चालणार नाही.

सैन्यांनाही हाच नियम लागू होता. १७९५ साली निजाम अलीखान बिदरच्या तळावरून मांजरेच्या काठाने पश्चिमेस निघाला. नदी सोबत होती तोवर मोठे लष्कर चालले. मार्च महिन्यात खर्ड्याला गाठ पडली. लढाईनंतर निजाम खर्ड्याच्या लहानशा किल्ल्याच्या आश्रयाला गेला आणि मराठ्यांनी त्याला वेढले. तेथे त्याच्या फौजेला तोफांपेक्षा तहानेने अधिक गांजले आणि लवकरच तहाची बोलणी सुरू झाली. मुक्कामाची जागा चुकली, की राज्याचेही काही चालत नाही.

आता दुष्काळाविषयी. आपण दुर्गाडीचा, म्हणजे १३९६ पासून दहा-बारा वर्षे चाललेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाचा उल्लेख नेहमी ऐकतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेलेल्यांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन पैसे भरले, ही कथा आपल्या घराघरांत आहे. त्या कथेत एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. धान्य मंगळवेढ्यालाच होते. भुकेलेली माणसे तेथे चालत आली. धान्य माणसांकडे का गेले नाही? कारण दुष्काळात धान्याच्या आधी वाट मरते. डोह आटले, चारा संपला, म्हणजे गोणीचा बैल चालू शकत नाही. शंभर कोसांवर कोठारे भरलेली असली तरी मधल्या तीसेक मुक्कामांतले चार कोरडे पडले की ती कोठारे नसल्यासारखीच. १६३०-३२ च्या गुजरात-दख्खनच्या भीषण दुष्काळात बुऱ्हाणपुरास शाहजहानची छावणी होती, आणि जे तांडे चालू शकत होते ते छावणीकडे वळत होते. उरलेल्या वाटांवर मंडीला प्रेते दिसली.

रेल्वेने हा पेच सोडवला हे मान्य केले पाहिजे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला आली, १८७१ मध्ये कलबुर्गीवरून रायचूरला जाऊन मद्रासच्या रेल्वेला मिळाली, आणि १८७४ मध्ये वाडी-हैदराबाद फाटा सुरू झाला. सोलापूरजवळचा एकरूख तलावही, ज्याला तिकडे हिप्परग्याचा तलाव म्हणतात, १८७१ मध्ये पुरा झाला. इंजिनालाही पाणी लागे, पण ते बंधारा बांधून आणि पंप लावून स्टेशनावर आणता येई. चराई लागत नसे. एका पिढीत बंजाऱ्यांचे ज्ञान निरुपयोगी झाले. त्याच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. ज्यांच्या मुक्कामांवर फौजा जगल्या होत्या त्यांचा मुक्काम आता पोलिसी नोंदीचा विषय झाला. तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावे लागले.

पाण्याचे ज्ञान एकाचे आणि वाट दुसऱ्याची, हा प्रकार आपल्याकडचाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातल्या वाळवंटातून गुरे हाकण्यासाठी आल्फ्रेड कॅनिंग या सर्वेक्षकाने १९०६ मध्ये वाट शोधली आणि १९०८ ते १९१० मध्ये तिच्यावर विहिरींची माळ बांधली. वाट सुमारे १८५० किलोमीटर, विहिरी पन्नासच्या आसपास, अंतर गुरांच्या एका दिवसाच्या चालीचे. आपल्या तांड्याचेच गणित. पण पाणी शोधले कसे? तेथल्या मूळ रहिवाशांना पकडून, साखळीने बांधून, त्यांच्याकडून त्यांचे झरे काढून घेतले गेले. त्यांना खारट मांस खाऊ घातल्याचाही आरोप झाला. १९०८ मध्ये यावर चौकशी आयोग बसला आणि कॅनिंग निर्दोष ठरला. मात्र ज्यांचे झरे होते त्यांनी पुढे अनेक विहिरी मोडल्या, आणि १९११ मध्ये पहिल्याच खेपांतील गुरेवाल्यांपैकी काहींचे प्राण गेले. हे वाचताना आपण सहज परक्या राज्यकर्त्यांना दोष देतो. मीही दिला. मग माझ्याच गावची आठवण झाली, आणि मी गप्प झालो.

आपल्या जुन्या गावगाड्यात वाटसरूला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवणे हे महाराचे वतनी काम होते. सरकारी ओझे वाहणे, निरोप नेणे, शिवेचे वाद सुटताना दगड दाखवणे, ही त्याचीच कामे. म्हणजे गावाच्या चारी दिशांची वाट, ओढा, झरा आणि निवाऱ्याची झाडी ज्याला सर्वांत चांगली ठाऊक, तो तो होता. आणि ज्याला गावच्या विहिरीला शिवता येत नव्हते, तोही तोच.

१९०१ सालची एक गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर इंग्रजी टिपणांत लिहून ठेवली आहे. १९९० मध्ये ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पुस्तिकारूपाने आली. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. तेथे दुष्काळग्रस्तांना काम म्हणून सरकार तलाव खोदत होते. मुले रेल्वेने मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. सोबत डब्यात जेवण होते, पाणी नव्हते. वाटेतले पाणी चिखल, शेण आणि मुताने भरलेले. रात्री डोंगराच्या पायथ्याशी टोलनाक्यावर पोहोचले. गाडीवानाच्या सल्ल्याने मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले. नाकेवाल्याने सांगितले, पाणी डोंगरावर आहे, जाऊन घ्या, इथे नाही. डबा भरलेला असून मुले उपाशी झोपली.

या प्रसंगाकडे मी प्रवासाच्या इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहतो, तेव्हा मला त्यात काहीच उणे दिसत नाही. रस्ता पक्का, टोल घेण्याइतका व्यवस्थित. रेल्वे आलेली. मुक्कामाला जागा, नाक्यावर माणूस, पलीकडे वस्ती. ज्या कामावर वडील हिशेब ठेवीत होते ते कामच तलावाचे. अशोकापासून मोजलेले सारे काही तेथे होते, आणि तरी चार मुलांना ओंजळभर पाणी मिळाले नाही. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले, त्यामागे ही रात्रही असणार असे मला वाटते. आणि महाडनंतर सात वर्षांनी, १९३४ मध्ये, आपल्याच निजामी मुलखात दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी, काठोकाठ भरलेल्या हौदावर प्रवासाची धूळ धुतली म्हणून त्यांच्यावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर माणसे धावून आली. तेथे हौद बाटवल्याचा आरोप करणारे मुसलमान होते. पाण्याच्या बाबतीत आपण सर्वांनी एकमेकांकडून वाईट तेवढे नेमके उचलले.

माझी आठवण याच जातीची आहे. १९५६ च्या आगेमागे, मी आठ-नऊ वर्षांचा असताना, आजोबांबरोबर गाणगापूरला पायी गेलो. सोबत आमच्याच गावचा एक वाटाड्या होता. उन्हाचे दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची घागर फुटली. आजोबांचा चेहरा मला अजून दिसतो. वाटाड्या काही न बोलता वाट सोडून डावीकडच्या नाळीत उतरला. तेथे दोन उंबर होते आणि त्यांच्या मुळ्यांखाली कातळात एवढासा झरा होता, वर पालापाचोळा. त्याने पालापाचोळा काढला, आणि मग मागे सरकून उभा राहिला. आधी आजोबा प्यायले, मग मी. मग आजोबांनी लोटा भरून त्याच्या ओंजळीत वरून पाणी सोडले. झरा त्याने दाखवलेला. कोणाच्या मालकीचा नसलेला. भोवती चिटपाखरू नाही. तरी त्याने हात घातला नाही, आणि आजोबांनीही त्याला घाल म्हटले नाही. आजोबा वाईट नव्हते. संगमावर पोहोचल्यावर त्याला धोतर घेऊन दिले. मी त्या वेळी काहीच विचारले नाही, आणि पुढे विचारायचे सुचले तेव्हा दोघेही हयात नव्हते.

गुरुजींना मी ही गोष्ट सांगितली होती, तेव्हा मी कॉलेजात होतो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "त्या झऱ्याची जागा लिहून ठेव." तेव्हापासून मी वही ठेवली. आपल्या भागातल्या जुन्या पायवाटांवरचे पाणवठे, पार, बारवा, मठांतले उतारे, तांड्यांच्या जुन्या तळांच्या जागा, जेवढ्या सापडल्या तेवढ्या लिहिल्या. पुष्कळ आता नाहीत. विंधन विहिरींनी भोवतालचे पाणी खाली नेले आणि झरे गेले. बारवांत कचरा पडला; अलीकडे महाराष्ट्रात तरुणांनी बारवा साफ करण्याचे काम अंगावर घेतले आहे ते पाहून बरे वाटते. तांडे आता थांबले आहेत, पण थांबलेल्या माणसालाही जागेचा कागद लागतो. १९ जानेवारी २०२३ रोजी आपल्या जिल्ह्यातल्या मळखेड येथे पंतप्रधानांच्या हस्ते कलबुर्गी, बिदर, यादगीर, रायचूर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतील पन्नास हजारांहून अधिक लमाणी कुटुंबांच्या घरजागांच्या हक्कपत्रांचे वाटप झाले. ज्यांचे पूर्वज या वाटांवरचा प्रत्येक मुक्काम जाणत होते, त्यांना मुक्कामाचा पहिला सरकारी कागद मिळायला एवढा काळ लागला. आज या शाळेत तांड्यावरची मुले आहेत. त्यांच्या आजीला विचारले तर कोणत्या ओढ्याला वैशाखात पाणी असे हे ती अजून सांगेल. हे काम त्यांनी या उन्हाळ्यात करावे, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे.

माझी वही मी आज शाळेच्या ग्रंथालयाकडे देत आहे. तिच्यात पुष्कळ पाने कोरी आहेत. जागांच्या पुढे मी दिशा, जवळची खूण आणि पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिके ते लिहिले आहे. चौथा रकाना मी मागाहून आखला: ही जागा कोणी दाखवली, आणि तेथे पाणी कोणाला घेता येई. पहिल्या पानावर त्या दोन उंबरांची नोंद आहे. मी दोनदा शोधायला गेलो. नाळ सापडली, उंबर नाहीत. पहिल्या वेळी एक बुंधा होता, दुसऱ्या वेळी तोही नव्हता.